उघड्या डिस्कांचं दुकान

पहिली खटकलेली गोष्ट अगदी एवढीशी होती. काकांनी एक डिस्क बंद केली.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पण आमच्या दुकानात दार रोज बंद व्हायचं, डिस्क कधीच नाही. मी हातात चहाचा कप धरून तशीच उभी राहिले. चहावर साय आली तरी मला कळलं नाही.

त्यात घाबरण्यासारखं काय होतं हे कळायला आधीचे किस्से ऐकावे लागतील. ते भरपूर आहेत. दुकानात न मागता दोनच गोष्टी साठतात, धूळ आणि किस्से. धुळीला निदान फडकं तरी आहे. गिऱ्हाईक उठून जातं आणि त्याचा किस्सा मात्र बाकावरच बसून राहतो!

आमचं दुकान माधवनगरात, बंद पडलेल्या एका कापडगिरणीच्या भिंतीला लागून. मालक दत्ताकाका. मूळचे माण तालुक्यातले, वडील गिरणीत कामाला आले म्हणून इकडचे झाले. दुकानाच्या मागेच त्यांचं घर, आणि घरात मालनकाकू. मी साताऱ्याची. कॉलेजसाठी सांगलीला मामाकडे आले, इलेक्ट्रॉनिक्समध्ये बीएस्सी केलं आणि इथेच चिकटले. लोकांच्या जुन्या कॅसेट आणि सीडी पेनड्राइव्हवर घालून देणं हे माझं काम. काकांचं काम एकच, आवाज लिहिणं. लग्न, बारसं, जावळ, कुणाची साठी, काहीही असो, माइक आणि डेक, म्हणजे सीडी लिहिणारं मशीन, घेऊन जायचं आणि फक्त आवाज डिस्कवर घ्यायचा. फोटो नाही, व्हिडिओ नाही.

"चेहरे काय, सगळं गाव काढतंय मोबाइलवर," काका म्हणायचे. "आज्जी नातवाला हाक कशी मारती ते कोण ठेवतंय?"

"काका, मोबाइलवर आवाजही येतो."

"मोबाइल बदलला की आज्जी गेली. हे गोंदण हाय, पोरी. पुसत न्हाई."

आणि खरंच ते गोंदणच असतं. लेझरचा किरण फिरत्या डिस्कच्या रंगाच्या थरावर बारीक बारीक डाग पाडत जातो, आणि त्या डागांचा मिळून आवाज होतो. हे मी पुस्तकात शिकले होते. पण गोंदण हा शब्द पुस्तकात नव्हता.

* * *

पहिल्या दिवशी मी खुर्चीत धड बसलेही नव्हते. समोर तो डेक, जुन्या रेडिओएवढा काळा खोका. मी वाकून त्याची बटणं बघत होते आणि खर्रकन त्याच्यातून ट्रे बाहेर आला!

मी जी किंचाळले, की चहा काउंटरवर, आणि काउंटरवरून समोरच्या गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र पायजम्यावर.

काका शांत. "जीभ दाखवतंय गं ते. चावत न्हाई."

गिऱ्हाईक पायजमा झटकत म्हणालं, "ते चावत न्हाई, पण तुमची पोरगी भाजती की!"

त्या दिवसापासून माझं नाव दचकूबाई. अनुजा हे माझं खरं नाव दुकानात फक्त मलाच माहीत होतं.

दचकण्याचं दुसरं कारण म्हणजे काकांची टकटक. रेकॉर्डिंगच्या आधी ते 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणत नाहीत. माइकच्या जाळीवर नखाने वाजवतात. दोन लागोपाठ, आणि तिसरी जरा थांबून. टक-टक... टक. मधल्या वेळात मान वर करून सगळ्यांकडे बघून घेतात, अजून कोण बोलतंय का ते. नियम असा, की बटण आधी दाबायचं आणि टकटक मागून. म्हणजे तीही डिस्कवर जाते.

"ती कशाला घ्यायची, काका? वाया जागा."

"कुणाच्या घरात शिरायचं तर कडी वाजवावी का न्हाई? डिस्कला बी कळू दे, कोणतरी आलंय."

बटण दाबायचं काम माझ्याकडे. आणि दर वेळी, माहीत असून, तिसऱ्या टकला मी दचकायची. दचकल्यावर माझ्या बांगडीचा जो आवाज होतो तोही निम्म्या तालुक्याच्या डिस्कांवर आहे!

* * *

आता डिस्का उघड्या का ठेवायच्या, ते. हा किस्सा माझ्या आधीचा आहे, मालनकाकूंनी सांगितलेला.

डेक नवा घेतला तेव्हा काकांनी त्याच्यासोबत आलेलं पुस्तक वाचलंच नाही. रेकॉर्डिंग संपलं की शेवटी 'फायनलाइज'चं एक बटण दाबावं लागतं. ते दाबलं की मशीन डिस्कच्या सुरुवातीला एक अनुक्रमणिका लिहितं, आणि मग ती कुठल्याही प्लेअरवर वाजते. ते नाही दाबलं तर डिस्क उघडीच राहते. बाहेरच्या प्लेअरला वाटतं, आत काहीच नाही. वाजते ती फक्त त्याच डेकवर.

काका खुशाल उघड्या डिस्का वाटत सुटले!

मग एक दिवस एक आख्खं कुटुंब टेंपोत बसून भांडायला आलं. त्यांच्या आजोबांच्या साठीची डिस्क. घरी पाहुणे जमवून लावली, तर आवाज नाही. थोरला मुलगा दारातूनच ओरडला, "आवं, कोरी दिली व्हय आमाला? आमचा म्हातारा काय मुका हाय?"

काकांनी डिस्क डेकमध्ये घातली. टक-टक... टक. आणि आजोबांचा आवाज आला, "बसा रं सगळी. उभ्याउभ्या कुणी जेवू नगा."

सगळे बसले. भांडायला आलेले सगळे त्या बाकावर बसले आणि डिस्क संपेपर्यंत उठले नाहीत. काकूंनी चहा केला. जाताना थोरला म्हणाला, "पुढल्या म्हैन्यात नातीचं बारसं हाय. ते बी ह्येच्यावरच घ्या. म्हाताऱ्याच्या शेजारीच."

बंद केलेल्या डिस्कवर पुन्हा काही लिहिता येत नाही. उघडी होती म्हणून बारसं आजोबांच्या शेजारी बसलं.

"म्हणजे सगळं चुकीतून सुरू झालं?" मी काकांना विचारलं.

"चूकच व्हती. पण माणसं परत आली न्हवं!"

तेव्हापासून रीतच पडली. एका घराची एक डिस्क. ती भरत जायची, आणि ऐकायची असेल तर दुकानात यायचं, बाकावर बसायचं. मी पुष्कळ वाद घातला. म्हटलं, काका, हा डेक बिघडला तर? कॉम्प्युटरचा ड्राइव्ह या उघड्या डिस्का कधी ओळखतो, कधी ओळखतच नाही!

"माणसं बी तशीच हायत," काका म्हणाले आणि पुढचं लग्न लिहायला निघून गेले.

* * *

ते लग्न संदीपचं. संदीप फौजेत. काकांच्या माणमधल्या गावचाच पोरगा. नवरी रेश्मा. उखाण्याच्या वेळी मी बटण दाबलं, काकांनी माइक तिच्यापुढे धरला आणि टक केलं. रेश्माला वाटलं, हीच आपली खूण! ती सुरूच झाली.

"माणच्या माळावर, (टक!) मेंढरांच्या रांगा, (काका बघतायत, बघतायत...) संदीपरावांचं नाव घेते, (टक!) आणखी काय ते सांगा!"

मांडव हसून आडवा. रेश्मा रडकुंडीला. "काका, परत घ्या ना!"

"लगीन परत करायचं व्हय?" काका म्हणाले. "मग उखाणाबी तसाच ऱ्हाऊ दे."

सुट्टी संपवून निघताना संदीपने ती डिस्क घेतली. काकांनी बजावलं, "ही फकस्त हितं वाजती बरं का."

"काका, फौज में सब चलता है!"

आठवड्याभरात फोन. "काका, नो डिस्क म्हंतंय! आख्खी बॅरक चहा घेऊन बसलीया, आता माझी इज्जत..."

काकांचा चेहरा उतरला. डिस्क तिकडे, डेक इकडे. मग मी हळूच म्हणाले, "माझ्याकडे कॉम्प्युटरवर कॉपी आहे." लग्नानंतर ड्राइव्हने एकदाच ती डिस्क ओळखली होती, तेव्हाच मी उतरवून ठेवली होती. मला प्रत्येक गोष्टीची भीती वाटते, म्हणून मी प्रत्येक गोष्टीची कॉपी ठेवते.

"भित्र्या माणसाचा लय उपयोग असतो बघ," काका म्हणाले. ते कौतुकच होतं असं मी धरून चालते.

मग फोन स्पीकरला लावून आम्ही ती ऐकवली. पहिली टकटक झाली आणि तिकडून संदीप ओरडला, "आलं, आलं! ह्येच ते! दत्ताकाकाच हाय!" उखाणा झाला. मला वाटलं, फोन कट झाला. मग अगदी बारीक आवाज आला, "काका... आणखी एकदा."

आणखी एकदा लावली. मग आणखी एकदा.

पुढच्या सुट्टीत संदीपने परत आणलेली डिस्क घेऊन रेश्मा दुकानात आली ती माझ्यावर डोळे वटारूनच. "अनुजाताई, काय केलंत हे? त्यांच्या बॅरकीत पंजाबी हायत, तमिळ हायत, सगळ्यांचं पाठ झालंय. आख्खी पलटण आता माझ्या नवऱ्याचं नाव घेतीया!"

* * *

डिस्क लिहिताना मध्येच वीज गेली, की ती बिघडते. लाइट ये-जा करणाऱ्या दिवसांत अशांचा ढीग लागतो. जगात फक्त एकच माणूस त्यावर खूश असतो. तो म्हणजे पलूसचे आबा. त्यांची द्राक्षबाग आहे आणि पाखरं हाकलायला ते बिघडलेल्या डिस्का तारेला टांगतात. उन्हात चमकतात, पाखरं बिचकतात.

आबा दारातूनच विचारायचे, "काय दत्तू, यंदा बिघडल्यात का न्हाईत?"

"न्हाई वो आबा. सगळ्या चांगल्या निघाल्या."

"अरारा! मग आमचं कसं व्हायचं?"

एकदा ते असाच गठ्ठा घेऊन गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत आले. धोतराच्या सोग्यात एक डिस्क गुंडाळलेली.

"दत्तू, ही चांगली हाय रं. पोरानं ट्रॅक्टरला लावून बघितली. हिच्यात कुणाची तरी आज्जी जात्यावरचं म्हंतीया."

मी कॉम्प्युटरवर एका कॅसेटवरून उतरवलेली ती सीडी, गठ्ठ्यात कशी गेली देव जाणे. मी म्हटलं, "बरं झालं आबा, टांगली नाहीत."

"टांगायला गेलतो की," आबा म्हणाले. "पर म्हटलं, पाखरांपुढं आज्जीला कसं टांगायचं?"

* * *

दसऱ्याचा एक छोटासाच आहे. खंडेनवमीला आम्ही डेकची पूजा करतो. काकूंनी हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. काका म्हणाले, "ट्रे उघड, आत बी जरा कुंकू लाव. सगळं काम तर आतच चालतं." मी ओरडले, लेन्सवर पडेल, काका! तेवढ्यात झेंडूच्या दोन पाकळ्या ट्रेमध्ये पडल्या आणि ट्रे आत गेला.

मग मी तासभर चिमट्याने पाकळ्या काढत बसले. काका माझ्या डोक्यावर बॅटरी धरून उभे, अपराधी चेहऱ्याने. शेवटी डेक चालू झाला आणि ट्रे बाहेर आला, तो एक पाकळी पुढे घेऊनच.

काकू हात जोडून म्हणाल्या, "बगा! परसाद दिला!"

* * *

तर आता त्या बंद झालेल्या डिस्ककडे.

त्या दिवशी रेश्माच्या सासूबाई, आम्ही त्यांना जिजी म्हणतो, माणहून एसटीने आल्या होत्या. लग्नाच्या शेजारी नातवाचं बारसं लिहून झालं होतं, ते ऐकायला. ऐकून झालं. डोळे पुसून झाले. आणि काकांनी स्वतः, मला न सांगता, फायनलाइजचं बटण दाबलं. डेकचा दिवा लुकलुकायला लागला.

"काय करताय?" जिजींनी विचारलं.

"बंद करतोय. आता ही कुटं बी वाजंल. तुमच्या घरी बी वाजंल."

"आन् जावळ? ते कशावर घ्यायचं?"

"नवी घ्यायची."

जिजी डेककडे बघत म्हणाल्या, "आमाला कुटं बी नको व्हती, दत्तू. हितंच बरी व्हती."

काका हसले. म्हणजे तोंड हसलं, पण आवाज आला नाही. मग ते पाठ फिरवून थर्मासमधलं गरम पाणी प्यायले.

मी भित्री असल्यामुळे मला वाईट गोष्टी लोकांच्या आधी कळतात. बऱ्याचदा न घडलेल्याही कळतात. त्यामुळे माझा माझ्यावरच विश्वास नाही. मी स्वतःला समजावलं, डेक म्हातारा झालाय, काकांना माझं म्हणणं पटलं असेल.

पण मग दुसरी डिस्क बंद झाली. मग टेंपोवाल्या आजोबांची. काका एकेका घराला फोन करून बोलावून घेत होते. फोनवर चार शब्द बोलले की खाकरायचे, आणि पाचवा शब्द वाळूतून ओढल्यासारखा यायचा. आणि मग मला आठवेना, काकांनी मला 'दचकूबाई' अशी हाक शेवटची कधी मारली. हल्ली ते काउंटरवर नख वाजवून बोलवायचे. मी इतकी दचकायची, की हाक का नाही हे विचारायचंच राहिलं.

मागच्या पडवीत मालनकाकू तांदूळ निवडत होत्या. मी नुसती जाऊन उभी राहिले.

"कळलं व्हय तुला?" त्या सुपातून नजर न काढता म्हणाल्या. "गळ्यात गाठ निघालीया. मिरजेत काढायची. कसली हाय ते काढल्याबिगर सांगता येत न्हाई म्हंतात. आवाजाचं बी तसंच. ऱ्हाईल, न्हाई ऱ्हाणार."

मी खालीच बसले.

"रडू नगं. तांदळात पडंल." मग त्यांनीच नाक पुसलं. "ह्यास्नी एकच घोर लागलाय. म्हंतात, मी न्हाई आन् डेक बी बिघडला, तर ह्या माणसांचे आवाज आतल्या आत कोंडून मरतील. उगडं टाकून जाऊ ने."

त्यानंतर मीच कामाला लागले. डिस्क बंद झाली की ती लगेच कॉम्प्युटरवर उतरवायची, पेनड्राइव्हवर घालायची, घरी लावून बघा म्हणून सांगायचं. एकही डिस्क बिघडली नाही. आबा पलूसहून आले, ढीग नाही हे बघितलं, आणि पहिल्यांदाच "अरारा" म्हणाले नाहीत.

* * *

सगळ्यात शेवटी काकांनी कपाटातून एक डिस्क काढली. वर मार्करने लिहिलेलं, 'घरची'.

"ही कुणाची?"

काकांनी ती डेकमध्ये घातली. सुरुवातीला टकटक नाही, काही नाही. डेक आणला त्या दिवशी चालतोय का बघायला लिहिलेलं. काकांचा आवाज, तरुण, खणखणीत, भिंतीपलीकडे जाईल असा. "मालन! च्या ठेव!"

आणि लांबून, स्वयंपाकघरातून, "आवं, ठिवलाय की कवाचा! बोंबलताय कशाला?"

संपली. एवढीच. निम्म्या जिल्ह्याचे आवाज लिहिणाऱ्या माणसाचा स्वतःचा आवाज एवढाच! बाकी सगळीकडे त्यांची नुसती टकटक.

मी फायनलाइजच्या बटणाकडे हात नेला. काकांनी माझा हात बाजूला केला.

"ही ऱ्हाऊ दे उगडी." आवाज इतका बसलेला, की मला त्यांच्या ओठांकडे बघावं लागलं. "आपरेशन झालं, की फोनवर येतो. पयला आवाज जसा निघंल तसा घे ह्येच्यावर. फाटका निघाला तरी घे."

आणि नाही निघाला तर, हे माझ्या तोंडाशी आलं होतं. ते काकूंनी दारातूनच ओळखलं. "न्हाई निघाला तर मी बोलंन! न्हाई तरी आमच्यात बोलायचं काम माझंच हाय. हे आपले टकटक करत्यात."

* * *

ऑपरेशनच्या दिवशी मी दुकान लवकर उघडलं. 'घरची' डेकमध्ये घातली, फोन डेकला जोडला, स्पीकर चालू केला आणि रेकॉर्डिंग थांबवून तयार ठेवलं. लाल दिवा लुकलुकत राहिला. बटण दाबलं की झालं.

फोन आला नाही.

अकरा वाजून गेले, तेव्हा मीच लावला. काकांचा फोन काकूंकडे, आणि काकू फोन पिशवीत तळाला ठेवतात, वर नॅपकिन, वर भाकरीचा डबा. रिंग वाजत राहिली आणि मग ती नेहमीची बाई बोलली, ज्या व्यक्तीशी आपण बोलू इच्छिता ती उत्तर देत नाही. मी पुन्हा लावला. पुन्हा तीच. आईचा साताऱ्याहून फोन आला तर मी तिच्यावरच ओरडले, "लाइन मोकळी ठेव गं!"

दारात सावली पडली. पलूसचे आबा. "ढीग नाही हो आबा," मी म्हणाले.

"आज ढीग नगं," ते म्हणाले आणि बाकावर बसले.

थोड्या वेळाने टेंपोवाल्यांचा थोरला आला. "हिकडं काम व्हतं," म्हणाला. कसलं ते सांगितलं नाही. मग जिजी आल्या, माणहून, बोचक्यात बांधलेल्या भाकरी घेऊन, मागे रेश्मा, कडेवर पोरगं. त्यांच्या डिस्का आता घरीच वाजत होत्या. कुणालाही इथे यायची गरज नव्हती. बाक भरला. आबा पोराला जागा करून देत सरकले. कुणी मला काही विचारलं नाही, आणि ते फार बरं झालं.

मी फोन लावला. ती बाई.

पुन्हा लावला. ती बाई.

"त्या बाईची डिस्क बंद करा कुणीतरी!" आबा म्हणाले. कुणी हसलं नाही, पण जिजींनी माझ्यापुढे भाकरीचा तुकडा ठेवला.

पुन्हा लावला. रिंग. रिंग. रिंग.

रिंग थांबली.

मी बटण दाबलं. डिस्क फिरायला लागली.

पलीकडे कुणी बोललं नाही. स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज लांबून येऊन लांब गेला. बांगड्या वाजल्या, त्या काकूंच्या. आणि काकू गप्प होत्या.

टक-टक.

पोरगं एकदम रेश्माला बिलगलं. थोरला उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आवं, पण हे..."

"गप!" जिजींनी त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं. "तिसरी ऱ्हायलीया."

सगळे फोनकडे बघत राहिले.

टक.